वीतभर आत घेतलेली चाकं

ट्रॅक्टर घ्यायचा म्हटलं की त्या भागातले लोक आधी दुकानात जात नसत, मिस्त्रीकडे येत. दुकानदारालाही त्याचं वाईट वाटत नसे. एखादं गिऱ्हाईक थेट दुकानात आलंच तर तोच विचारी, "मिस्त्री काय म्हणाला?" गेली चोवीस वर्षं रस्त्याच्या वळणावर पत्र्याच्या शेडखाली या माणसाने दुसऱ्यांचे ट्रॅक्टर खोलले आणि जोडले होते, आणि तेवढ्या काळात त्याचा एक नियम सगळ्यांना पाठ झाला होता. तो शेडमध्ये बसून सल्ला देत नसे. किती एकर, कितीपर्यंत घ्यायचाय, असलं काही तो विचारतच नसे. "आधी जमीन दाखव," एवढंच म्हणे. मग खिशात टेप टाकायचा, हातात पाण्याने अर्धी भरलेली बाटली घ्यायची आणि निघायचं.

पुढचा प्रकार बघण्यासारखा असे. फाटकाची रुंदी मोजायची. झाडांच्या दोन ओळींमधलं अंतर मोजायचं, तेही खोडापासून खोडापर्यंत नाही, फांदीच्या टोकापासून समोरच्या फांदीच्या टोकापर्यंत. ट्रॅक्टर जिथे उभा राहणार त्या शेडच्या दाराची उंची बघायची. उतारावर बाटली आडवी धरून आतलं पाणी किती कलतं ते एक डोळा मिटून बघायचं. जमिनीचा मालक तोवर निकालाच्या दिवशी शाळेत आलेल्या पोरासारखा मागे मागे. शेवटी मिस्त्री एखाद्या बांधावर टेकायचा आणि सांगायचा, "तुला मोठा नको, वळायला जागा नाही." किंवा, "जुनाच घे, पण चाकं रुंद असलेला बघ." एकाला तर त्याने सांगितलं होतं, "तुला ट्रॅक्टरच नको. शेजाऱ्याशी भांडण मिटव आणि त्याचा वापर." आणि त्या माणसाने खरंच भांडण मिटवलं. अजून दोघं एकाच ट्रॅक्टरवर आहेत आणि आता दुसऱ्याच कशावरून तरी भांडतात.

असा माणूस चुकला तर लोक म्हणतील, माणूस आहे, चुकायचाच. पण मिस्त्री चुकला नव्हता. चुकला असता तर त्याला झोप लागली असती. त्याला सगळं दिसत होतं आणि तरीही तो उलटं बोलला.

त्याचं मूळ एका निळ्या ट्रॅक्टरमध्ये होतं. पंचेचाळीस एचपीचा, उंच, रुंद, एका वीटभट्टीवाल्याचा. भट्टीवाल्याने त्याला बैलासारखा राबवला आणि पुसलं मात्र कधी नाही. शेवटी इंजिन बसलं, तेव्हा ओढून आणून मिस्त्रीच्या दारात टाकला. मिस्त्रीने त्यावर चाळीस दिवस घालवले. एकेक भाग सुटा केला, धुतला, घासला, नवा बसवला. चाळिसाव्या दिवशी तो सुरू झाला तेव्हा मिस्त्रीने स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनला लावलं, मूठ कानाला लावली आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "आता त्याच्याशीच संसार करा."

दोन वर्षांनी भट्टी बंद झाली. भट्टीवाला म्हणाला, एक व्यापारी आलाय, गाडीत घालून लांब कुठेतरी नेणार आहे. चालला तर चालवेल, नाहीतर तोडून भंगारात. हे ऐकल्यापासून मिस्त्रीचं कामात लक्ष लागेना. त्याला हा ट्रॅक्टर जवळपास कुठेतरी राहायला हवा होता. महिन्यातून एकदा तेल बदलायला आपल्याच शेडमध्ये यावा, आपल्या कानाखाली असावा. यात त्याचा एका पैशाचाही फायदा नव्हता. तो असता तर निदान लबाडीला काही नाव तरी देता आलं असतं.

आणि नेमके त्याच आठवड्यात ड्रायव्हरदादा आले.

ड्रायव्हरदादा म्हणजे एकतीस वर्षं सरकारी बस चालवलेला माणूस. एकतीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही, माणसाला तर नाहीच नाही. तसा दाखला त्यांनी काच लावून भिंतीवर टांगला होता, आणि घरी आलेल्याने तो स्वतःहून वाचला नाही तर दादा त्याला दुसऱ्या खुर्चीवर बसवत, जिथून तो समोरच दिसे. निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि वहिनींनी गावाबाहेरच्या टेकडीच्या उतारावर साडेतीन एकराची लिंबाची बाग घेतली. बागेच्या वरच्या अंगाला दोन खोल्या बांधून दोघं तिथे राहायला गेले. मुलगी शहरात नोकरीला होती, जावई तिथलाच. आता फवारणीला, गवत काढायला, लिंबं खाली रस्त्यापर्यंत आणायला ट्रॅक्टर हवा होता.

"मिस्त्री, तू सांगशील तो," दादा म्हणाले. "मी त्यातलं काही बघणार नाही. मला फक्त चालवता येतं."

मिस्त्री गेला. टेप काढला. फांदी ते फांदी जेमतेम सात फूट. उतारावर बाटली आडवी धरली तर पाणी एका बाजूला गेलं ते झाकणापाशी पोचलं. खोडांभोवती मातीची आळी केलेली, म्हणजे चाक एकदा खाली, एकदा वर जाणार. या जमिनीला काय हवं ते पाचवीतल्या पोरानेही सांगितलं असतं: लहान, बुटका, अरुंद बांध्याचा. मिस्त्रीच्या तोंडापर्यंत आलंही. पण मन असं काही वकिली करायला लागलं की विचारू नका. हा माणूस बस चालवत होता, याला खेळण्यातला ट्रॅक्टर द्यायचा? उंचावर बसायची सवय आहे याला. पुढेमागे आणखी जमीन घेईल. हात तर असे आहेत की सुईच्या नेढ्यातून गाडी काढेल. नाकापेक्षा मोती जड होतोय हे त्याला कळत होतं, आणि तो नाकाचंच कौतुक करत बसला होता.

"दादा," तो म्हणाला, "एक निळा आहे माझ्या नजरेत."

चोवीस वर्षं त्याने जमिनीसाठी ट्रॅक्टर शोधला होता. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने ट्रॅक्टरसाठी जमीन शोधली.

अडचण एकच होती. भट्टीवर तो ट्रॅक्टर चाकं रुंद ठेवून चालायचा, सात फुटांहून जास्त. ओळीत शिरलाच नसता. पण मोठ्या ट्रॅक्टरची मागची चाकं आत-बाहेर घेता येतात. रिम उलटी फिरवून बसवली की झालं. ही काही चोरी नव्हे, बनवणाऱ्यानेच तशी सोय करून ठेवलेली असते. सपाट रानात, पिकांच्या ओळींत काम असेल तर चाकं आत घ्यायची. उतारावर काम असेल तर बाहेर, म्हणजे ट्रॅक्टर पाय फाकवून घट्ट उभा राहतो. आणि ओळीही अरुंद, उतारही तीव्र अशी जमीन असेल तर हा ट्रॅक्टरच घ्यायचा नाही. मिस्त्रीने हे वाक्य किमान पन्नास जणांना ऐकवलं असेल. पोचवायच्या आदल्या दिवशी त्याने जॅक लावला आणि दोन्ही चाकं वीतभर आत घेतली.

दादांना तो म्हणाला, "बागेसाठी थोडी सेटिंग करून दिलीय. उतारावर जरा जपून."

जरा जपून! उतारावर आडवं जाऊ नका, भरलेली टाकी घेऊन वळू नका, हे सांगायला हवं होतं. पण ते सांगितलं की दादा विचारणार, का? आणि त्या का-ला उत्तर एकच होतं. म्हणून मिस्त्रीने मूग गिळले.

अडीच महिने सगळं छान चाललं. दादा ट्रॅक्टरवर असे बसायचे की जणू मागे चाळीस प्रवासी आहेत. वहिनी खालून ओरडायच्या, "सगळ्यांची तिकिटं झाली का हो?" महिन्याच्या महिन्याला ट्रॅक्टर शेडमध्ये यायचा, मिस्त्री तेल बदलायचा, कान लावून ऐकायचा, खूश व्हायचा. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्याला निरोप आला, ट्रॅक्टर पडला.

तो पोचला तेव्हा दादांना दवाखान्यात नेलं होतं. तिसऱ्या ओळीच्या टोकाशी निळा ट्रॅक्टर कुशीवर पडला होता, एका लिंबाच्या झाडाला टेकून. झाड मोडलं होतं, पण त्यानेच त्याला पूर्ण उलटू दिलं नव्हतं. मागे जोडलेली फवारणीची टाकी फुटून सगळं पाणी वाहून गेलं होतं. मिस्त्रीने खुणा बघितल्या. वरचं चाक आळ्याच्या कडेवर चढलेलं, खालचं भुसभुशीत मातीत रुतलेलं. काय झालं ते त्याला पुस्तकासारखं वाचता आलं. चाकं बाहेर असती तर ट्रॅक्टर डुलला असता आणि पुढे गेला असता.

वहिनी तिथेच उभ्या होत्या. "झाडाच्या पलीकडे फेकले गेले म्हणून वाचले," त्या म्हणाल्या. "अलीकडे पडले असते तर..." मिस्त्रीने मान खाली घातली आणि साखळी बांधायला लागला.

ट्रॅक्टर शेडमध्ये आणल्यावर त्याने पहिलं काम कोणतं केलं असेल? वाकलेलं मडगार्ड नाही, फुटलेला दिवा नाही. त्याने जॅक लावला आणि दोन्ही चाकं होती तशी परत बाहेर घेतली. कुणी विचारलंच असतं तर कारणही तयार होतं, आता असा सुरक्षित राहील. कुणी विचारलं नाही. चाकं वीतभर इकडची तिकडे झाली हे बघणारा डोळा त्या गावात एकच होता, आणि तो त्याचा स्वतःचा.

चार दिवसांनी तो दवाखान्यात गेला. दादांच्या उजव्या खांद्याचं हाड मोडलं होतं, हात गळ्यात बांधलेला. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "मशीनमध्ये काही सापडलं का रे? स्टिअरिंग? ब्रेक?"

"नाही दादा," मिस्त्री म्हणाला. "मशीन ठीक होतं."

यात एक शब्दही खोटा नव्हता. इतकं निर्मळ खोटं तो आयुष्यात पहिल्यांदाच बोलला असेल.

"मग माझंच चुकलं," दादा म्हणाले आणि भिंतीकडे बघत राहिले.

गावाला तर आयतंच मिळालं. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं, एकतीस वर्षं बस उभी चालवली, आता ट्रॅक्टर आडवा चालवून बघितला. ते दादांच्या कानावर गेलं. दादा स्वतःच ते वाक्य लोकांना सांगून हसायला लागले, आणि ते हसायला लागल्यावर कुणालाच त्यात मजा वाटेना. भिंतीवरचा दाखला उतरला. विचारलं तर म्हणत, काच तडकलीय, बदलायला द्यायचीय. मग एक दिवस लोकांच्या लक्षात आलं की ते स्कूटरही चालवत नाहीत. गावात यायचं तर टेकडी उतरून बसस्टॉपपर्यंत चालत येत आणि बसमध्ये शिरले की पार मागच्या सीटवर जाऊन बसत, जिथून समोरचा रस्ता दिसत नाही.

मिस्त्रीला हे सगळं दिसत होतं. त्याला लाज वाटत होती, दुसरा शब्दच नाही. जेवताना, नट पिळताना, लोक नमस्कार करत होते तेव्हा तर फारच. बायकोने एकदा शेजारणीबद्दल काहीतरी सांगताना सहज म्हटलं, "खाई त्याला खवखवे," तर हा ताटावरून उठलाच. ती बघतच राहिली. रोज सकाळी तो ठरवायचा की आज जाऊन सांगायचं. रोज दुपारपर्यंत त्याला एखादं कारण सापडायचं. सांगून हाड थोडंच जुळणार आहे? हाड जुळलं. मग, आता जुळलंच आहे, कशाला उकरायचं? खरं कारण त्याला ठाऊक होतं. सांगितलं की चोवीस वर्षांचा शब्द गेला. लोक त्याला 'आधी जमीन दाखव' म्हणणारा माणूस म्हणून ओळखत होते, आणि त्याच्याजवळ दुसरं काही ओळखण्यासारखं नव्हतं.

ट्रॅक्टर पडल्यापासून सहाव्या महिन्यात बागेच्या फाटकावर पाटी लागली, बाग विकणे आहे. दादा आणि वहिनी मुलीकडे शहरात जाणार, तिसऱ्या मजल्यावर. दादा स्वतः शेडमध्ये येऊन सांगून गेले. "माणूस ठेवून बाग परवडत नाही आणि माझ्याच्याने तर आता होत नाही. ट्रॅक्टरला तेवढं गिऱ्हाईक बघ मिस्त्री. तू एवढा चांगला शोधून दिलास, चांगल्या हाती जाऊ दे."

मिस्त्री म्हणाला, बघतो. आणि त्यावरही आठवडा काढला.

आठव्या दिवशी सकाळी शेडमध्ये एक तरुण जोडपं आलं. दोघांनी मिळून दोन एकर जमीन घेतली होती, रोपांची नर्सरी काढायची होती. दोघांच्या बोलण्यात नुसता उत्साह, एकाचं वाक्य दुसरी पूर्ण करत होती.

"आम्हाला ट्रॅक्टर घ्यायचाय," तो म्हणाला.

"पण आम्हाला त्यातलं काही म्हणजे काही कळत नाही," ती म्हणाली. "टेकडीवरचे ड्रायव्हरकाका आहेत ना, त्यांच्याकडे लिंबाची कलमं बघायला गेलो होतो. ते म्हणाले, मिस्त्री सांगेल तोच घ्या, डोळे मिटून. माझा ट्रॅक्टर त्यानेच शोधून दिलेला, हिरा होता. मलाच पेलला नाही."

मिस्त्रीच्या हातात ग्रीसचा डबा होता. तो त्याने खाली ठेवला. "उद्या सकाळी येतो तुमच्या जमिनीवर," तो म्हणाला. जोडपं गेलं तेव्हा अकरा वाजले होते. एक ट्रॅक्टर अर्धा खोललेला होता, दुसऱ्याचा मालक बाकावर वाट बघत होता. मिस्त्रीने त्याला सांगितलं, आज होणार नाही, आणि हातही न धुता टेकडीची वाट धरली.

दादा व्हरांड्यात बसून लिंबं निवडत होते. पिवळी एका टोपलीत, हिरवी दुसऱ्या टोपलीत. खांदा जुळून तीन महिने झाले होते, तरी डाव्या हातानेच चाललं होतं.

"ये मिस्त्री. मिळालं गिऱ्हाईक?"

"दादा, ट्रॅक्टर तुमच्या चुकीने पडला नाही."

"आता तूही समजूत घालायला आलास होय? बस. चहा टाकायला सांगतो."

"चहा नको. आधी ऐका माझं."

तो बसला नाही. उभ्यानेच सांगायला लागला. लोकांना निकाल ऐकवायची एवढी सवय असलेला माणूस, पण त्या दिवशी त्याला ना सुरुवात सापडली ना शेवट. आधी चाकांचं सांगितलं, मग भट्टीवाल्याचं, मग परत मागे जाऊन टेपचं. चाकं नंतर गुपचूप बाहेर घेतली, तेही सांगितलं. दादांचा हात काही वेळ लिंबं निवडत राहिला. मग थांबला.

"किती आत घेतली होतीस?"

"वीतभर. दोन्ही बाजूंनी."

दादांनी उजवा हात बाकावर ठेवला, बोटं ताणून वीत केली आणि तिच्याकडे बघितलं. मग डोळे मिटून दोन्ही हात समोर धरले, स्टिअरिंगवर असल्यासारखे.

"टाकी भरलेली होती," ते म्हणाले. "तिसरी ओळ संपत आली. वरचं चाक आळ्यावर चढलं. मी रेस कमी केली."

"हो."

"क्लच दाबला नाही."

"दाबायचा नसतोच उतारावर."

"स्टिअरिंग उताराच्या दिशेला सोडलं."

"बरोबर सोडलंत."

"म्हणजे मी सगळं बरोबर केलं होतं."

"सगळं, दादा. तुमच्या जागी कुणीही असता तरी पडला असता."

दादांनी डोळे उघडले, पण हात तसेच हवेत राहिले. "मग माझ्या बागेला कुठला हवा होता?"

"लहान. चोवीस एचपीच्या आतला, बुटका. तो फांद्यांखालून जातो, आणि चाकं बाहेर ठेवली तरी ओळीत मावतो."

"हे तुला कधी कळलं? पडल्यावर?"

इथे एक पळवाट होती. हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. सल्ला चुकलेला मिस्त्री, एवढ्यावर भागलं असतं, आणि दादांनी त्याला पाठीवर हात ठेवून घरी पाठवलं असतं.

"त्याच दिवशी," मिस्त्री म्हणाला. "बाटली आडवी धरली तेव्हाच."

दादांनी हात खाली घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, "मला आधी वाटलं डोळे गेले. मग वाटलं हात. हिला न सांगता डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणाला, वयाचं असतं. हात गळ्यातून सुटल्यापासून मी चहाचा कप दोन हातांनी धरतोय, मिस्त्री. सांडेल म्हणून."

दादांनी आत हाक मारली, "अगं, जरा बाहेर ये." वहिनी हात पुसत दाराशी आल्या.

"आता हिला सांग," दादा म्हणाले. "पहिल्यापासून. मी सांगितलं तर हिला वाटेल, मीच माझी समजूत काढतोय."

दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण गेलं, कारण या वेळी शब्द आधीच माहीत होते. वहिनी चौकटीला टेकून ऐकत राहिल्या. त्यांनी ओरडावं, दोन शिव्या द्याव्यात, टोपली उचलून अंगावर फेकावी, असं मिस्त्रीला मनापासून वाटत होतं. त्यांनी यातलं काही केलं नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "गावात सगळ्यांना वाटतं, यांनी स्कूटर आपणहून सोडली. तसं नाहीये. किल्ली मी काढून घेतली यांच्या हातातून. मुलगी-जावई आले होते, त्यांच्यासमोर. म्हटलं, आता तुमच्याच्याने होत नाही, एकदा नशिबाने वाचलात, पुरे झालं. यांनी किल्ली दिली आणि आत जाऊन बसले. एकतीस वर्षं या माणसाच्या मागे डोळे मिटून बसले मी. आणि तेव्हा असं बोलले. तुम्ही दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं असतं तर मी हे बोलले असते का?"

"नाही, वहिनी."

"मग आता ते मी परत कसं घेऊ? तेवढं सांगा."

ट्रॅक्टर, खांदा, मोडलेलं झाड, हे सगळं मिस्त्रीने सहा महिने मनात मोजलं होतं. आपण गप्प बसलो तेवढ्या वेळात या घरात काय काय बोललं गेलं असेल, हे त्याच्या एकदाही डोक्यात आलं नव्हतं.

"दादा, मला माफ..."

"ते राहू दे," दादा म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता आणि मायाही नव्हती. "दोन पोरांना पाठवलं होतं मी तुझ्याकडे. नर्सरीवाले."

"आले होते."

"काय सांगितलंस?"

"काहीच नाही अजून. उद्या जमीन बघायला जातोय."

"त्यांना आधी हे सांग. मग ट्रॅक्टरचं सांग. मी माझ्या शब्दावर पाठवलंय त्यांना."

"सांगतो, दादा."

"जा आता."

वहिनींनी दार लावलं नाही, पण कुणी त्याला फाटकापर्यंत सोडायलाही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सरीच्या जमिनीकडे जाताना मिस्त्रीला समोरून स्कूटर येताना दिसली. दादा चालवत होते, वहिनी मागे बसल्या होत्या. दादांची पाठ ताठ होती, वेग सायकलीएवढा. मिस्त्री रस्त्याच्या कडेला झाला आणि त्याने हात वर केला. स्कूटर तशीच पुढे गेली. फाटकावरची पाटी निघाल्याचं त्याला नंतर दुसऱ्याच कुणाकडून तरी कळलं.

जोडपं वाटच बघत होतं. त्यांनी त्याच्यासाठी खुर्चीसुद्धा आणून ठेवली होती. त्याने आधी सगळं मोजलं, कारण आलोय तर काम नीट व्हायला हवं. फाटक, पाण्याचा चर, रोपांच्या वाफ्यांमधल्या वाटा. जमीन जवळजवळ सपाट. या दोन एकरांना कुठला ट्रॅक्टर लागेल ते त्याला पाव तासात कळलं होतं, अगदी स्वच्छ, जराही शंका नाही. तो खुर्चीवर बसला नाही.

"ट्रॅक्टरचं सांगण्याआधी मला एक सांगायचंय," तो म्हणाला. आणि तिसऱ्यांदा त्याने सगळं सांगितलं. चाकं आत घेतली ती, बाहेर घेतली ती, आणि दवाखान्यात काय बोलला ते. मग त्यांच्या जमिनीला कुठला घ्यावा तेही सांगितलं, का ते समजावून सांगितलं.

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. काल एकमेकांची वाक्यं पूर्ण करणारी ही दोघं, आज कुणी आधी बोलायचं ते त्यांना ठरवता येईना. शेवटी तीच बोलली. बिचारी चांगल्या घरची, त्याला वाईट वाटू नये म्हणून शक्य तेवढ्या मऊ आवाजात बोलली.

"काका, तुम्ही म्हणता ते बरोबरच असेल. पण आम्ही आणखी एकदोघांना विचारून बघतो."

चोवीस वर्षांत हे वाक्य त्याने कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"विचारा," मिस्त्री म्हणाला. "विचारायलाच पाहिजे."